सरळ जा, मग विचारा

परभणी जिल्ह्यात जुनं देऊळ, जुनी बारव, जुना वाडा असं काही बघायला निघालेल्या माणसाला गावाच्या तोंडाशीच वाटखर्ची मिळते. दोन शब्दांची. "सरळ जा." ही वाटखर्ची मी गेली पंचवीस-तीस वर्षं घेतो आहे आणि अजून एकदाही सरळ गेलेलो नाही. सांगणाऱ्याचा यात दोष नाही. तो माणूस सरळच असतो, हातही सरळ करतो. त्याच्या बोटापुढं चार हातांवर एक भिंत असते, एवढंच.

भिंतीपाशी पोचलं की पुन्हा विचारायचं. तिथला माणूस आधी उत्तर देत नाही, प्रश्न विचारतो. "कुणाच्या घरी आलाव?" कुणाच्याच नाही, देऊळ बघायला आलो, असं म्हटलं की तो माझ्याकडे नीट बघतो. देवळात जायला वार असतो, नवस असतो, लग्नाची जोडी असते. मंगळवारी दुपारी एक वाजता, पायात बूट घालून, एकट्या माणसानं देऊळ नुसतं बघायचं म्हणजे एक तर तो जमिनीच्या मोजणीवरचा असणार, नाही तर गुप्तधनवाला. मी दोन्ही नाही हे पटवण्यात पाच मिनिटं जातात. मग तो म्हणतो, "मंग सरळ जा."

माझी तक्रार मोठी नाही, हे आधीच सांगून टाकतो. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आम्ही स्वतःच म्हणून घेतो, तेव्हा थोरामोठ्या तक्रारी करायला तोंड उरलेलं नाही. जर्मनीत म्हणे पायी चालणाऱ्याला वेगळी वाट आखून देतात. ती आमच्याकडेही आहे, फक्त आखलेली नाही. माणसं चालून चालून ती पडते, आणि पडली रे पडली की तिच्यावर कुणीतरी मोटारसायकल लावून गिरणीत दळण आणायला जातो.

पाथरीचंच घ्या. पाथरीत पोचणं पूर्वीपासून अवघड आहे. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी, असं इतिहासकार फेरिश्ता लिहितो. पाथरी परगणा तेव्हा वऱ्हाडच्या इमादशहाकडे होता. बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारातून निरोप गेला की हे आमचं मूळ गाव, ते आम्हाला द्या, बदल्यात दुसरा परगणा घ्या. इमादशहा ऐकेना. मग १५१८ साली निजामशहानं फौज आणली आणि पाथरी घेतली. आपल्याच गावी जायला फौज लागलेला इतिहासातला हा एकटाच माणूस नसेल. पण त्याची अडचण मला जितकी समजते तितकी ती इतिहासकारांना समजली असेल, असं वाटत नाही.

त्यानंतर पाचशे दोन वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासाला शंभर कोटी देण्याची घोषणा मुख्यमंत्र्यांनी केली आणि १९ जानेवारीला शिर्डी बंद झाली. शिर्डी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात. म्हणजे नगर आणि पाथरी यांचं हे दुसरं भांडण. पहिल्या वेळी नगरवाले म्हणत होते, आमचा माणूस मूळचा पाथरीचाच. दुसऱ्या वेळी म्हणाले, आमचा माणूस पाथरीचा नाहीच. पाचशे वर्षांत मत बदलू शकतं, त्याबद्दल मी काही बोलत नाही. माझं म्हणणं इतकंच की दोन्ही भांडणांत मोठ्या रस्त्यावरून पाथरीच्या गल्लीत शिरायचं कुठून, हा प्रश्न कुणी काढला नाही. बुऱ्हाणशहा घोड्यावर होता. "गाडी इथंच लावा, पुढं वळत नाही" असं त्याला कुणी सांगितलं नसेल.

साईबाबांच्या जन्माचा शोध घेणाऱ्या वि. बा. खेरांनी १९७०च्या दशकात पाथरीत येऊन भुसारी घराण्याचा माग काढला, आणि १९९९ मध्ये त्या घराच्या जागेवर मंदिर उघडलं. जागा वैष्णव गल्लीतली. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा युक्ती केली. रस्ता विचारायचाच नाही, हातात नारळ असलेल्या माणसाच्या मागं जायचं. नारळवाला झपाझप चालत होता. मी मागं. तो एका बोळातून दुसऱ्या बोळात, तिथून एका वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत. मी बूट काढले. समोर मांडव होता आणि मला गंध लावून पंगतीत बसवलं. साखरपुडा होता. वरणभात चांगला होता, पण तो देवदर्शनात धरता येत नाही.

आता रस्ते रुंद करण्याची भाषा सगळीकडेच आहे. काशीला विश्वनाथाभोवतीच्या तीनशेहून अधिक मिळकती घेऊन पाडल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये थेट गंगेपर्यंत मोकळा मार्ग उघडला. पाडकामात घरांच्या पोटात दडलेली चाळीसेक जुनी देवळं सापडली. लोकांनी देवळाला भिंत टेकवून घर बांधलं, मग देवळाभोवतीच घर बांधलं, आणि देव स्वयंपाकघराशेजारी राहू लागला. पंढरपुरातही तशा मार्गाचं नाव निघाल्यापासून मंदिराभोवतीच्या गल्ल्यांतले लोक धास्तावले आहेत. आमच्या लहान गावांत तर टेप घेतलेला माणूस नुसता दिसला तरी लोक भिंतीला पाठ लावून उभे राहतात, जशी काही भिंत चालती होणार आहे. मला रुंद रस्त्याचं वावडं नाही. परभणी शहरात रुंद रस्ते बघितले आहेत. रस्ता दोन हात वाढला की हातगाडी दोन हात पुढं येते, तिच्या पुढं रिक्षा, रिक्षाच्या पुढं गिऱ्हाईक, आणि चालणारा होता तिथंच, नालीच्या काठावर. फेब्रुवारीतल्या उरुसात तुराबुल हक दर्ग्याकडे जाताना तर रस्त्याची रुंदी हा प्रश्नच राहत नाही. तिथं आपण चालत नसतो, आपल्याला नेलं जात असतं. खरं सांगायचं तर वाट न चुकता पोचलेलं तेवढं एकच ठिकाण.

गंगाखेडचं ठीक आहे. तिथं गावाला गोदावरीचा उतार आहे. जनाबाईच्या गावी गेलं आणि कुणाला विचारायचं नसलं तर पायांना विचारावं. ते उताराकडे ओढतात आणि घाटावर आणून सोडतात. येताना चढ लागतो, तेव्हा ते काही सांगत नाहीत. वालूरला सेलू तालुक्यातली ती चक्राकार बारव आहे. पायऱ्या गोल गोल फिरत पाण्यापर्यंत उतरतात. गाळ काढून गावकऱ्यांनी ती मोकळी केली. सगळ्या जिल्ह्यात मला तीच एक वाट प्रामाणिक वाटली. ती सरळ असल्याचा आव आणत नाही.

चारठाण्याबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे.

जिंतूरहून जालन्याकडे जाताना चारठाणा लागतं. यादवकाळातली देवळं, कोरीव बारव, एक उंच नक्षीदार दगडी खांब. कुणी त्याला मानस्तंभ म्हणतं, कुणी विजयस्तंभ, कुणी दीपमाळ. तीनशे साठ देवळं आणि तितक्याच बारवा होत्या, असं गावात सांगतात. कोणत्याही मराठी गावात जुन्या देवळांची संख्या तीनशे साठच असते. रोज एक बघितलं तर वर्ष निघेल आणि पाच दिवस सुट्टी मिळेल, असा हिशेब असावा. मला तीनशे साठ नको होती. खांब, बारव आणि उकंडेश्वर, एवढी तीनच बघून दुपारच्या गाडीनं परत फिरायचं होतं.

माणसं कुठल्या वाटेनं चालतात याचा अभ्यास करणारे बिल हिलियर नावाचे एक प्राध्यापक लंडनला होते. त्यांनी आणि ज्युलिएन हॅन्सन यांनी १९८४ मध्ये एक पुस्तक लिहिलं, 'द सोशल लॉजिक ऑफ स्पेस'. नंतर १९९३ मध्ये हिलियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायी चालणाऱ्यांवर एक निबंध लिहिला. म्हणणं थोडक्यात असं, की माणसं कुठल्या रस्त्यानं जास्त चालतात हे त्या रस्त्यावर काय आहे यावर आधी ठरत नाही. तो रस्ता बाकीच्या सगळ्या रस्त्यांपासून किती कमी वळणांवर आहे, यावर ठरतं. कमी वळणांवरच्या रस्त्यानं माणसं आपोआप जातात. मग ती जातात म्हणून दुकानं येतात, आणि दुकानं आली म्हणून आणखी माणसं. या चालण्याला त्यांनी 'नैसर्गिक हालचाल' असं नाव दिलं. नाव देताना त्यांनी मराठवाड्यात विचारायला हवं होतं. आमच्याकडे नैसर्गिक हालचाल पहाटे, हातात टमरेल घेऊन होते, आणि ती नेमकी सर्वांत जास्त वळणांवर, सर्वांत कमी माणसांच्या वाटेनं, पडक्या देवळाच्या मागं जाते. गाव हागणदारीमुक्त झाल्याच्या पाट्या लागल्या तेव्हापासून ही वर्दळ उणावली. त्यामुळे देवळांमागच्या पायवाटा बुजत चालल्या आणि माझ्यासारख्याची पंचाईत झाली.

तर मी ठरवलं की फाट्यापासून बारवेपर्यंत वळणं मोजायची. पहिलं वळण किराणा दुकानाशी. दुसरं पिठाच्या गिरणीशी. तिसऱ्या वळणावर म्हैस होती. ती बोळाच्या पूर्ण रुंदीत उभी होती आणि तिचा हलण्याचा विचार दिसत नव्हता. समोरच्या ओट्यावर एक म्हातारी तूर पाखडत बसली होती. म्हटलं, आजी, म्हैस जरा घ्या की बाजूला. आजी म्हणाल्या, "ती नव्या मानसाला वाट देत न्हाई." मी नवा होतो, हे म्हशीलाही कळलं होतं. हिलियर यांच्या पुस्तकातला एक मोठा मुद्दा आजींनी एका वाक्यात उरकला. मोठा रस्ता परक्यांचा असतो. जितकी वळणं आत जावं तितकी गल्ली तिथं राहणाऱ्यांची होत जाते, आणि शेवटी ती गल्ली उरतच नाही, अंगण होते. अंगणात धुणं वाळतं, सोयाबीन पसरलेलं असतं, बाज टाकलेली असते, बाजेवर म्हातारा असतो, आणि म्हाताऱ्याच्या पायांवरून ओलांडून मला वारसा बघायला जायचं असतं.

मी मागं फिरलो. मागं फिरताना मोजणी उलटी करायची की पुढं चालू ठेवायची, याचा नियम त्या निबंधात वाचल्याचं आठवेना. तिथंच ती बंद पडली.

शिल्पशास्त्रवाल्यांना हे सगळं माहीत होतं. 'मानसार' या त्यांच्या जुन्या ग्रंथात गावाच्या आखणीचे आठ प्रकार दिले आहेत: दंडक, सर्वतोभद्र, नंद्यावर्त, पद्मक, स्वस्तिक, प्रस्तर, कार्मुक, चतुर्मुख. देऊळ कुठं, रस्ता कोणत्या दिशेला, सगळं ठरलेलं. चारठाण्याची देवळं उठवणाऱ्यांनी यातलं काही मनात धरलं असेलही. पण देवळं दगडाची होती आणि घरं मातीची. मातीचं घर पडतं, त्याच मातीवर नवं उभं राहतं, ते पडतं, पुन्हा उभं राहतं. म्हणून जुनं गाव पांढरीच्या टेकाडावर बसलेलं असतं आणि दर शंभर वर्षांनी थोडं वर उचललं जातं. देऊळ होतं तिथंच राहतं. मग सिमेंटचा रस्ता येतो. जुना न उखडता त्याच्यावर नवा टाकतात, पाच वर्षांनी त्याच्यावर आणखी एक. एकेकाळी पायऱ्या चढून जायचं ते देऊळ आता पायऱ्या उतरून गाठावं लागतं, आणि पावसाळ्यात पाणी आपल्याआधी पोचतं. चुना न वापरता नुसते दगडात दगड अडकवून बांधलेलं काम सातशे-आठशे वर्षं उभं राहतं. त्याला खाली बसवायला एवढीच युक्ती आहे.

उकंडेश्वराचं नावच बघा. उकंडा म्हणजे आमच्याकडचा उकिरडा. देऊळ उकंड्याखाली गेलं होतं म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. म्हणजे देव गावाच्या मधोमध असूनही गावाच्या मागं गेला होता. नावाचा एक उपयोग मात्र होतो. पोराला विचारलं, उकंडेश्वर कुठं? तो म्हणाला, "सरळ जा, वास आला की डाव्या अंगाला." आता वास येत नाही, त्यामुळे मी दोनदा पुढं निघून गेलो. तिसऱ्यांदा त्याच पोरानं मला अडवलं. "आत्ताच तर तुमी तिकूनच आलाव की."

गल्लीतून खांबाचं टोक मध्येच एकदा छपरांच्या वर दिसतं. माणूस हुरळून त्या दिशेनं निघतो. एक वळण घेतलं की टोक जातं आणि त्या जागी पाण्याची प्लास्टिकची टाकी येते. केव्हिन लिंच या अमेरिकन अभ्यासकानं १९६०च्या पुस्तकात लिहिलं आहे की माणसं शहर डोक्यात बसवतात ती वाटा, कडा, चौक आणि लांबून दिसणाऱ्या खुणा यांच्या आधारानं. लांबून दिसणाऱ्या खुणेनं चारठाण्यात माझा घात केला. काळ्या टाक्या उंचावर पुष्कळ आहेत आणि दुपारच्या उन्हात त्यांतली एक तर पार कोरीव दिसत होती.

मग नाल्या. शंकराच्या देवळात पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर येतं तो मार्ग ओलांडायचा नसतो. तिथपर्यंत जायचं, उलट फिरायचं, पुन्हा दुसऱ्या बाजूनं तिथपर्यंत यायचं. याला सोमसूत्री प्रदक्षिणा म्हणतात. आमच्या पूर्वजांनी पायी चालणाऱ्यासाठी आखून ठेवलेली ही एवढीच शिस्तशीर वाट, आणि चारठाण्याच्या गल्लीत मी ती न ठरवता पाळली. प्रत्येक गल्लीत एक नाली आडवी होती, तिच्यावरची फरशी कुणीतरी घराच्या उंबऱ्याशी नेऊन टाकली होती, आणि माझा गुडघा आता उडी घेण्याच्या वयाचा नाही. नालीपर्यंत जायचं, उलट फिरायचं, दुसऱ्या गल्लीनं पुन्हा त्याच नालीपर्यंत यायचं. पलीकडं खांब. असं तीन वेळा केलं. पुण्य लागलं असेल तर ते कुठं जमा झालं, कळलेलं नाही.

चौथ्या वेळेस एक बाई म्हणाल्या, आमच्या घरातून जा. पुढल्या दारानं आत, माजघर, न्हाणीघर, मागचं दार. मी संकोचलो. "लाजू नका, समदेच जातेत," त्या म्हणाल्या. माजघरात टीव्ही चालू होता, पोरं अभ्यास करत होती, कुणी मान वर केली नाही. मागच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि समोर खांब. तो इतका जवळ होता की त्याचं टोक बघायला मान मोडावी लागली. तळापासून वरपर्यंत नक्षी, आणि सगळी हाताच्या अंतरावर. खाली दोन म्हातारे पत्ते खेळत होते. एकानं न बघताच विचारलं, "कुणाच्या घरी आलाव?" या वेळी मला उत्तर होतं. मी मागच्या दाराकडे बोट केलं. त्यांनी बसायला पोतं सरकवलं.

बारवेकडे उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. चारी बाजूंनी पायऱ्या, कोनाडे, आणि आवाज अजिबात नाही. वरच्या गल्लीतलं काही खाली ऐकू येत नाही, हॉर्नसुद्धा. शेवटच्या पायरीवर बसून बूट झटकले. सोयाबीनचे चार दाणे निघाले. ते आपले नाहीत म्हणून कोनाड्यात ठेवले.

परत जायची वाट कुणाला विचारायची नाही, हे पक्कं केलं. वर आलो तर एक पोरगं शेळ्या हाकत चाललं होतं. शेळ्यांना हिलियर वाचावा लागत नाही. मी त्यांच्या मागं लागलो. म्हैस नाही, नाली नाही, साखरपुडा नाही. दोन वळणांत फाट्यावर. पानटपरीवाला म्हणाला, गाडी आत्ताच गेली, दोन मिनिटं झाली असतील. जिंतूरच्या दिशेनं बघितलं. बराच वेळ दिसत होती. तिचा रस्ता सरळ आहे.